थापाड्या

श्वास ऐकू आला तेव्हा मावशीला आधी वाटलं, खोलीत कुणीतरी आलंय. जिने चढून, धापा टाकत, कुणीतरी दाराशी उभं राहिलंय. तिनं मान वळवून बघितलं. दार बंद होतं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्याला आतून गादीसारखं जाड अस्तर ठोकलेलं होतं आणि त्यावरच्या खिळ्याला लेकीनं तिची शाल अडकवून ठेवली होती. खोलीत तिघीच होत्या. मावशी, तिची लेक, आणि बटणांच्या लांबलचक टेबलापाशी पाठमोरी बसलेली रेकॉर्डिंगवाली. स्पीकरमधून मावशीचंच गाणं वाजत होतं, तरुणपणीचं, लोकांना तोंडपाठ असलेलं, ज्याच्या जोरावर तिनं पुढची सगळी वर्षं काढली ते. पण त्यात काहीतरी उणं होतं. घरातलं मोठं कपाट हलवल्यावर खोली जशी अनोळखी दिसते, तसं ते गाणं उघडंबोडकं होऊन समोर उभं होतं. नुसता गळा. आणि त्या गळ्याच्या अधेमधे, ओळ अगदी भरात असताना, कुणीतरी घाईघाईनं हवा ओढत होतं, पाण्याखालून वर आलेल्या पोरासारखं.

"कोण आहे हे?" मावशीनं विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्हीच की मावशी," रेकॉर्डिंगवाली खुर्ची फिरवून म्हणाली. "जुन्या टेपची खरखर काढत होते. आता मशीन गळा वेगळा आणि वाद्य वेगळं करून देतं. डफ जरा बंद ठेवलाय."

"गाणं माझं आहे, ते कळतंय. श्वास कुणाचा?"

रेकॉर्डिंगवालीनं एकदा लेकीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचाच."

मावशीनं स्पीकरकडे बघितलं. तिला सगळी दुनिया मावशी म्हणायची, पोस्टरवरसुद्धा तेच छापलेलं असायचं आणि त्याखाली ठरलेले शब्द: न तुटणारा श्वास. दुसरं तिच्याकडे होतंच काय? रूप बेताचं. आवाज जाडाभरडा, कुणा गुरूपुढे बसून कमावलेला नव्हे, तर मैदानांत आणि संप चाललेल्या कारखान्यांच्या फाटकांवर ओरडून कमावलेला. पण दमाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं लांब ओळ धरली की समोरची माणसं हौसेनं तिच्याबरोबर श्वास कोंडून बसायची, एकेक जण लालबुंद होऊन सोडून द्यायचा, शेजारच्याला कोपर मारून हसायचा, आणि ही आपली गातेच आहे. एकदा एक डॉक्टर कार्यक्रम संपल्यावर मागे आला होता, तुमची छाती एकदा तपासू द्या म्हणून हटून बसला होता. तेव्हा तिच्या साथीचा डफवाला कोपऱ्यात डफाला कापड गुंडाळत होता. "त्यांची छाती राहू द्या," तो मान वर न करता म्हणाला होता, "माझे हात बघा. फार दुखतात." सगळे हसले होते. मावशी सगळ्यांत जास्त हसली होती.

आज सकाळपासून मात्र तिला हसू येत नव्हतं. नव्या अल्बमची बाकीची गाणी झाली होती, एकच राहिलं होतं, आणि ते होत नव्हतं. डफवाला गेल्यावर कित्येक वर्षं तिला ओळ म्हणून सुचली नव्हती. लोक विचारायचे, मावशी नवीन काही? ती म्हणायची, नवीन गुडघे बसवलेत, ऐकायचेत? मग गेल्या थंडीत काय झालं कोण जाणे, गाणी आली, एकामागून एक, बिनबोलावलेल्या पाहुण्यांसारखी. लेकीनं नोकरीतून रजा काढली, हा स्टुडिओ शोधला, हळू आवाजात वाजवणारा एक गिटारवाला शोधला. डफासाठीही कुणालातरी बोलावू म्हणाली होती. त्या एका गोष्टीला मावशीनं साफ नकार दिला. त्यांच्या जागेवर कुणाला बसवायचं नाही. आणि त्याच दिवशी तिनं दुसरी अटही घालून ठेवली होती. शेवटच्या नव्या गाण्यातली लांब ओळ एका दमात आली तरच अल्बम बाहेर काढायचा. नाही आली तर गाठोडं बांधून घरी. मोडका गळा घेऊन लोकांसमोर उभं राहायचं आणि त्यांनी 'या वयातसुद्धा' म्हणून टाळ्या वाजवायच्या, असल्या टाळ्या तिला नको होत्या. लेकीला अल्बमची फारशी पडलेली नव्हती, हे मावशीला ठाऊक होतं. गाठोडं परत घरी गेलं की आई पुन्हा खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसेल, आणि या खेपेला उठणार नाही, याची तिला धास्ती होती. खरं सांगायचं तर तीच धास्ती मावशीलाही होती.

आणि ओळ येत नव्हती. गिटारवाला सकाळी आपला भाग वाजवून गेला होता, त्याची गिटार कानात घालून मावशी माइकसमोर उभी राहिली होती. 'येताना लिंबं आणा, येताना मीठ, येताना उन्हाचा तुकडा आणा नीट,' इथपर्यंत सगळं मजेत. मग ती ओळ: 'नाहीच मिळालं काही, नाहीच आठवलं काही, तर नुसते हात हलवत या हो येताना.' प्रत्येक शब्दाला वळण, 'हलवत'वर एक लांब हेलकावा, आणि शेवटी 'येताना' घरी सोडून यायचं. सोडायलाच पोचत नव्हती ती. दर वेळी 'येता' म्हणेपर्यंत छाती रिकामी, मधे हक् करून श्वास, आणि मग उरलेलं 'ना' मागाहून एकटंच. आधी तिनं माइकला दोष दिला. मग खोलीतल्या थंड हवेला. मग सकाळच्या चहाला. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिचं तिलाही कळत होतं. शेवटी रेकॉर्डिंगवाली काचेमागून म्हणाली, "मावशी, तुम्ही कशाला जिवाला लावून घेताय? 'येता' या टेकमधलं, 'ना' त्या टेकमधलं. मी जोडून देते. मधला श्वास काढून टाकते. कुणाच्या बापाला कळणार नाही." आणि लगेच करून ऐकवलंही. अखंड ओळ. एका दमात. ऐकताना मावशीला बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. गोड वाटलं होतं. तरी तिनं म्हटलं, आधी जेवून घेऊ. आणि जेवणानंतर रेकॉर्डिंगवालीनं, तेवढ्यात हेही उरकून घेऊ म्हणून, अल्बमच्या शेवटी घालायचं ते जुनं गाणं साफ करायला घेतलं होतं.

"पुन्हा लाव," मावशी म्हणाली.

पुन्हा लागलं. आता ती तयारीनं ऐकत होती. तिशीतली ती बाई किती जोरात गात होती! काय माज आवाजात. आणि ओळीओळीत चोरून श्वास घेत होती. एकदा नव्हे, दोनदा. जिथं शपथेवर सांगितलं असतं की इथं मी श्वास घेतलेला नाही, तिथं तर चांगला घसघशीत. घेत असणारच म्हणा, बाई होती, मासा नव्हती. पण आपली पाठ जशी आपल्याला दिसत नाही तसा हा श्वास तिला कधी ऐकूच आला नव्हता. तिला नाही, दुनियेला नाही, त्या छाती तपासायला निघालेल्या डॉक्टरलाही नाही. मग तो गेला कुठं होता इतकी वर्षं?

"आता डफ चालू कर."

रेकॉर्डिंगवालीनं बोट दाबलं. धप्प. डफ आला आणि गाणं पुन्हा कपडे घालून, केस विंचरून, ओळखीचं होऊन उभं राहिलं. श्वास नाही. कुठंच नाही. "बंद कर." श्वास. "लाव." थाप. "बंद." श्वास. "लाव." घरात नवा दिवा लावल्यावर लहान मूल बटणाशी खेळतं तसं मावशीनं त्या मुलीला खेळवलं, आणि ती मुलगीही निमूट खेळत राहिली, कारण तिच्याही लक्षात आलं होतं. जिथं जिथं श्वास होता, तिथं बरोब्बर त्याच्या डोक्यावर थाप होती. तालात बसणारी नव्हे. तालाच्या जरा आधी, जरा नंतर, जिथं श्वास पडेल तिथं. अंथरुणातून पाय बाहेर आलेल्या पोराला कुणीतरी पुन्हा पुन्हा पांघरूण घालावं तशी.

डफवाला म्हणजे तिचा नवरा. त्याला सगळे थापाड्या म्हणायचे. थापा मारतो म्हणून थापाड्या, आणि गंमत अशी की इतका सरळ माणूस शोधून सापडला नसता. खोटं बोलायला आधी बोलावं तरी लागतं. उशीर का झाला विचारलं तर 'झोपलो होतो' सांगून मोकळा होणारा तो माणूस. कार्यक्रमात त्याची ओळख करून देताना मावशीचा एक ठरलेला विनोद असायचा. "हे आमचे यजमान. लग्न झाल्यापासून मला नुसत्या थापा मारतायत." लोक दर वेळी हसायचे आणि तो दर वेळी मान खाली घालून डफाची कड पुसायचा. तो विनोद तिनं इतक्या गावांत केला होता की शेवटी शेवटी तिला स्वतःलाच त्याचा कंटाळा आला होता. आता या गादीच्या खोलीत बसून तिला तो पहिल्यांदा नीट कळत होता आणि हसणारे सगळे निघून गेलेले होते.

किती भांडली होती ती त्या थापांवरून. कार्यक्रम संपवून परत येताना गाडीत, सामानाच्या पेट्यांमध्ये गुडघे दुमडून बसलेली असायची दोघं, आणि हिची टकळी सुरू. अहो, त्या ओळीत मधेच काय हाणता तुम्ही? मी एवढी नाजूक जागा घेतेय आणि तुमचं आपलं धप्प. "पडला हात," तो म्हणायचा. पडला म्हणजे? हात आहे का पिकला पेरू, आपोआप पडायला? नाकापेक्षा मोती जड होतोय तुमचा. "बरं," तो म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीत, त्याच जागेच्या आसपास, पुन्हा धप्प. मग तिनं सोडून दिलं. आपला नवरा तालाला जरा कच्चा आहे, असं तिनं मनाशी मान्य करून टाकलं, आणि घोरणाऱ्या माणसावर जसं प्रेम करत राहावं तसं तिनं त्या धप्पवर केलं. पेपरातल्या एका उंटावरच्या शहाण्यानं एकदा लिहिलं होतं, 'गायिकेचा दमसास अचाट, मात्र डफाची साथ अधूनमधून भरकटते.' मावशीनं ते स्वयंपाकघरात त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्याच्या वतीनं चिडून, आणि आतून थोडंसं पटूनही. तो संत्रं सोलत होता. संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा धागान् धागा काढत बसायची त्याला सवय होती. "बरोबर लिहिलंय," तो म्हणाला आणि साफ केलेली फोड त्यानं तिच्यापुढे धरली. ताकास तूर लागू दिली नाही.

आणि ती मोठ्या कंपनीची रेकॉर्ड. तिथल्या लोकांनी सांगितलं, डफ आमचा माणूस वाजवेल, तुमच्या यजमानांचा ताल हलतो. मावशीला राग आला होता, पण संधीही सोडवत नव्हती. तोच म्हणाला, "गा गं तू. मी बाहेर बसतो." तो बाहेर बाकावर जाऊन बसला आणि आत कंपनीचा माणूस घड्याळासारखा वाजवू लागला. मावशीचं गाणं उभंच राहीना. ऐकणारे म्हणाले, आज दम पुरत नाही तुम्हाला. ती म्हणाली, घसा बसलाय. पाणी झालं, चहा झाला, आणि दिवस फुकट जायला आला तेव्हा कुणीतरी कंटाळून त्याला आत बोलावलं. तो आला, स्टुलावर बसला, तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्या झटक्यात गाणं झालं. पुढे मुलाखतींमध्ये ती ही गोष्ट डोळे मिटून सांगायची. मला यांच्याशिवाय सूरच लागत नाही. ऐकणाऱ्या बायका उसासे सोडायच्या. गोष्ट खरी होती, फक्त तिचा अर्थ सांगणारीलाच माहीत नव्हता.

"ते बघायचे माझ्याकडे," मावशी मोठ्यानं म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिलाही कळलं नाही. "सारखे बघायचे. सगळ्या फोटोंत ते माझ्याकडे बघतायत."

लेक खिडकी नसलेल्या भिंतीला टेकून उभी होती. लहानपणी ती स्टेजच्या कडेला, बापाच्या स्टुलाशेजारी, डफाच्या रिकाम्या पिशवीवर बसलेली असायची. तिथंच झोपायची.

"तुझ्याकडे नाही," लेक हळूच म्हणाली. "तुझ्या खांद्याकडे."

"खांद्याकडे?"

"डाव्या. तू श्वास घ्यायच्या आधी तुझा डावा खांदा एवढासा वर जातो. आत्ताही जातो. बाबांनी मला दाखवलं होतं एकदा. म्हणाले, हा उचलला की मारायची. आई, मला वाटलं तुला माहितीये. मला वाटलं ते तुमच्या दोघांचं ठरलेलं असेल."

मावशीचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. हाड लागलं हाताला, आणि ब्लाउजची शिवण. आयुष्यभर तिनं मैत्रिणींना सांगितलं होतं, अगं काय बाई ह्यांचं, स्टेजवरसुद्धा माझ्यावरची नजर हटवत नाहीत, लाज वाटते मला. खरंच लाज वाटायची तिला, आणि त्या लाजेनं ती आणखी जोरात गायची. म्हणून तर एरवी तिच्याकडे न बघणारा नवरा तिला चालायचा. घरी पेपराआड बसलेला, जेवताना ताटात बघणारा. कोटा भरून झालाय त्यांचा, असं ती म्हणायची. आणि तो बघत होता खांद्याकडे. चार बोटांच्या जागेकडे. ती कधी दमते, हे तिच्याआधी त्याला कळायचं. तिला राग येतोय का ते तिनं तपासून बघितलं. फसवलं म्हणून. सगळ्यांदेखत, तिच्यादेखतसुद्धा, फसवलं म्हणून. न तुटणारा श्वास म्हणे. पोस्टर तिच्या नावाचं आणि निम्मा श्वास त्याच्या तळहाताचा. राग थोडा आला, वर आला आणि तिथंच विरून गेला. मग दुसरंच काहीतरी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. लेक पुढे झाली तशी तिनं हातानंच तिला थांबवलं. रडतेय मी, पण बरं वाटतंय, असं तिला म्हणायचं होतं. म्हणाली एवढंच, "रुमाल दे."

शेवटी शेवटी त्याचाच श्वास आखूड झाला होता. आयुष्यभर दुसऱ्याचा राखला आणि स्वतःचा सांडला. दवाखान्याच्या त्या उंच पलंगावर तो उशांना टेकून बसलेला असायचा, उन्हाचा एक पट्टा दुपारी त्याच्या पांघरुणावर यायचा, आणि खोकल्याची उबळ आली की सगळं अंग गोळा व्हायचं त्याचं. तेव्हा मावशी त्याच्या पाठीवर थोपटायची. हलक्या हातानं, उबळ येईल त्या बेतानं. एकदा उबळ यायच्या जरा आधीच तिचा हात पाठीवर पडला, कसा कोण जाणे. त्यानं डोळे उघडले. मोठ्या कष्टानं हसला. "जागेवर पडली," म्हणाला. वाजवणाऱ्यांची ती आपसातली दाद असते, थाप चोख पडली की देतात. तिला वाटलं, आजारी माणूस, जुनं काही आठवलं असेल. तिनं त्याला पाणी पाजलं आणि उशी सरळ केली. तो एवढंच बोलला त्या विषयावर, सबंध आयुष्यात.

"मावशी," रेकॉर्डिंगवाली जरा वेळानं म्हणाली, "ते नव्या गाण्याचं काय करायचं? जोडलेलं ठेवू?"

मावशीनं नाक पुसलं. नव्या गाण्याची हकीकत तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. संध्याकाळी डफवाला फिरायला निघाला की ती आतून ओरडायची, अहो, येताना लिंबं आणा. येताना मीठ आणा. येताना त्या शिंप्याकडे डोकावा. दारापर्यंत पोचलेला माणूस तिथंच थांबायचा, कारण दोन 'येताना' झाल्यावर तिसरं असणारच, हे त्याला ठाऊक असायचं. निम्म्या गोष्टी विसरून यायचा. हात हलवत आलात ना, ती म्हणायची. तो दोन्ही हात खरंच हलवून दाखवायचा. गेल्या थंडीत एका संध्याकाळी लेक बाहेर निघाली होती आणि मावशी खिडकीतल्या खुर्चीतून, सवयीनं, म्हणाली होती, "येताना..." लेक दारात थांबली. काय आणू? आणि मावशीला काही आठवेना. काही आणायचंच नव्हतं. घरात सगळं होतं. मग तो शब्द तोंडात का आला, आणि तोंडातून का जात नाहीये, ते कळेना. लेक गेल्यावर ती त्या एकाच शब्दाला चघळत बसली आणि लेक परत आली तेव्हा गाणं झालं होतं. तिला वाटलं होतं, गमतीचं गाणं आहे. बायको नवऱ्याला याद्या देते, लोक हसतील. अजूनपर्यंत तिला तेच वाटत होतं.

"सकाळचं लाव," ती म्हणाली. "जोडलेलं नको. तुटलेलं."

रेकॉर्डिंगवालीनं लावलं. लिंबं आली, मीठ आलं, उन्हाचा तुकडा आला. म्हातारीचा आवाज, कडेला फाटलेला, पण खोटा नव्हता. ओळ चढत गेली, हेलकावा घेतला, हात हलवत या हो, आणि मग 'येता'. श्वास. 'ना'. मावशी ऐकत राहिली. सकाळी तिला त्यात फक्त मोडलेला श्वास ऐकू आला होता. आता शब्द ऐकू आला. मधे एवढीशी फट पडली होती आणि त्या फटीतून शब्दाचे दोन झाले होते, आणि 'ना' मागाहून येताना आपोआप जरा वर उचललं गेलं होतं, प्रश्न विचारल्यासारखं. येता, ना? ती त्याला काही आणायला सांगत नव्हती. लिंबं नाहीत, मीठ नाही. एवढंच विचारायचं होतं आणि ते विचारायला तिला सबंध गाण्याचा बहाणा लागला होता. दोघं सारखीच की मग. त्यानं एक झाकलं, तिनं दुसरं.

"धाप माझी, थाप त्यांची," ती स्वतःशी पुटपुटली आणि तिला खरोखरच हसू आलं. लेकीनं चमकून बघितलं. "काही नाही गं. यमक जुळलं."

मग ती उठली. नव्या गुडघ्यांना सवयीची एक शिवी हासडली आणि काचेपलीकडच्या खोलीत गेली. माइकसमोरचं स्टूल तिनं जरा बाजूला सरकवलं, डावीकडे, हातभर अंतरावर. काढून नाही टाकलं. तिथं असू दे, तिला वाटलं. लेक रेकॉर्डिंगवालीच्या शेजारी येऊन उभी राहिली, काचेतून दोघींचे चेहरे दिसत होते. मावशीनं कानाला हेडफोन लावले. गिटार सुरू झाली. भीती वाटत होती का? वाटत होती. ही ओळ आली नाही तर, अशी नव्हे आता, ही ओळ आली आणि लोकांना ऐकू आली तर, अशी. आयुष्यात पहिल्यांदा ती लोकांसमोर श्वास घेणार होती. म्हाताऱ्या बाईनं आंघोळीहून ओल्या केसांनी बाहेरच्या खोलीत यावं तसं काहीतरी. पण पाय मागे घ्यावेसे वाटले नाहीत. तिनं लिंबं मागितली, मीठ मागितलं. उन्हाचा तुकडा मागताना तिला त्या पांघरुणावरच्या दुपारच्या पट्ट्याची आठवण झाली आणि आवाज जरा हलला, तो तिनं हलू दिला. मग लांब ओळ. नाहीच मिळालं काही. नाहीच आठवलं काही. छाती रिकामी होत चालली तशी तिनं घाई केली नाही, वाचवून वाचवून खर्च केला नाही, सगळं 'हलवत'वर उधळून टाकलं. डावा खांदा वर उचलला गेलेला तिला स्पष्ट कळला, जन्मात पहिल्यांदा. 'येता' म्हणून ती थांबली. थाप पडायची होती ती जागा आली. रिकामी. त्या रिकाम्या जागेत तिनं पोटभर, सावकाश, कुणालाही ऐकू जाईल असा श्वास घेतला. आणि मग शेजारच्या स्टुलाकडे बघत, अगदी हळू, विचारलं, 'ना?'

गिटार संपली. काचेमागे लेकीनं तोंडावर हात धरला होता. जरा वेळानं रेकॉर्डिंगवालीनं बटण दाबलं आणि तिचा आवाज मावशीच्या कानात आला.

"मावशी, झालं. फारच... झालं." मग, कामाला लागल्यासारखं म्हणाली, "फक्त तो श्वास जरा मोठा आलाय. चांगला ऐकू येतो. झाकायचा का?"

"राहू दे," मावशी म्हणाली. "आता थापा मारायला कोण आहे?"